खोक्यावरची हसणारी बाई

नाही नाही, बायको कशी ओळखायची ते तुम्ही मला शिकवूच नका! तेहतीस वर्षं! नुसत्या चपलेच्या आवाजावरून सांगतो मी, आज ही कुणावर चिडलीय... आता बहुतेक वेळा ती माझ्यावरच चिडलेली असते, त्यामुळे त्यात ओळखायचं असं फारसं काही नसतं, ते सोडा. आणि तिचं वय विचाराल तर पन्नास... एक्कावन्न... थांबा, कागद बघून सांगावं लागेल. पण ओळखतो! असं मी गेल्या महिन्यापर्यंत छाती ठोकून सांगत होतो. गेल्या महिन्यात दवाखान्यात माझा शर्ट वर झाला आणि छातीही गेली, ठोकणंही गेलं. हसू नका! सांगतो ना, सगळं सांगतो.

तर आमची पावाची भट्टी. विटांची, लाकडावरची, माझ्या वडलांनी बांधलेली. आता भट्टी किती तापली हे कसं कळायचं? यंत्र? छे! हात! कोपरापर्यंत हात भट्टीच्या तोंडात धरायचा आणि मोजायचं. दहाच्या आत हात ओढावा लागला तर पाव करपणार. वीसच्या पुढं टिकला तर भट्टी गार, पाव आतून कच्चा. पंधराला हात आपसूक बाहेर आला की घाला पाव! हे मोजणं वडलांनी मला शिकवलं नाही. पोटच्या पोराला नाही! का? तर मी सातानंतर एकदम बारा म्हणायचो. गंमत हो, गंमत केली, दुसरं काय! पण त्या माणसाला गंमतच कळायची नाही. त्यांनी ते सुनेला शिकवलं. तेव्हापासून हात तिचा, पीठ मळणं माझं, आणि गल्ल्यावर बसून जीभ चालवणं, तेही माझंच.

दोन वर्षांपूर्वी हिची पाळी गेली. जायचंच वय ते, गेली. मला वाटलं, चला, एक कटकट मिटली! तुम्हाला सांगतो, कटकट तिथून सुरू झाली. ऐन थंडीत खिडक्या सताड उघड्या, मी गोधडीत गोगलगाय आणि ही फरशीवर पाठ टेकून ‘हुश्श, हुश्श!’ पहाटे हिची उशी पिळली तर पेलाभर पाणी निघावं. झोप नाही. छातीत धडधड. मीठ मागायचं तर ‘ते... ते पांढरं... अहो ते द्या ना!’ मी साखर दिली. गंमत हो! तर रडली. साखरेवरून कुणी रडतं का?

आता तुम्हीच विचार करा, जिच्या अंगातनंच झळ उठते तिनं भट्टीची झळ मोजायची कशी? हात आत घातला की सातावरच ओढायची. ‘अहो, फार तापलीय, लाकडं काढा!’ मी आपला काढायचो. पाव वरून गुलाबी, आतून लगदा! आमचे हेडमास्तर, निवृत्त आहेत पण छडी अजून जिभेवर, ते अर्धा पाव घेऊन गल्ल्यावर आले. ‘काय रे, हा पाव खायचा आहे, की ह्याचा लगदा लावून खिडकीच्या काचा बसवायच्या?’ आठ-दहा गिऱ्हाइकं उभी. आता अशा वेळी माझी जीभ गप्प बसेल? मी म्हटलं, ‘मास्तर, आमच्याकडे हल्ली दोन भट्ट्या आहेत. एक लाकडावर चालते, दुसरी बिनलाकडाची, आपोआप पेटते. कधी कुठली पेटेल, मालकालाही ठाऊक नसतं!’ काय हसले लोक! मास्तरांची कवळी निसटली. पडद्याच्या मागं ही ट्रे पुसत होती. ट्रे पुसायचा आवाज थांबला. मी ऐकलं बरं का. पण गिऱ्हाईक हसत असलं की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही... गंमत केली, दुसरं काय.

मग सल्ले सुरू! माझी थोरली बहीण, आक्का, म्हणजे हिची नणंद, ती आली. ‘अगं, आमच्या वेळी नव्हती असली थेरं! आम्ही नाही का काढलं? मुकाट्यानं काढलं!’ मुकाट्यानं? या आक्कानं तिच्या वेळच्या दोन वर्षांत भांडून तीन घरं बदलली! सोबत कसली तरी कडू पूड घेऊन आली. ती खाल्ली की झळ जात नव्हती, जेवण मात्र जात होतं.

शेवटी ही एकटीच गेली डॉक्टरीणबाईंकडे. मला विचारलंसुद्धा नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, ‘दोन वाटा आहेत म्हणाल्या. औषधाशिवाय काढायचं, नाहीतर औषध घेऊन. आधी बिनऔषधाचं बघते.’ सहा महिने बघितलं बिचारीनं. सुती झगा, मानेवर ओला पंचा, संध्याकाळचा चहा बंद, सकाळी भराभरा चालणं, झोपायच्या खोलीत पंखा असा की माझी दातखीळ बसायची. फरक पडला, नाही असं नाही. झोप थोडी आली. पण हात? हात काही परत येईना. आठावर बाहेर, कधी सहावर.

मग पुन्हा दवाखाना, या वेळी मीही गेलो, म्हटलं बघू तरी. त्या बाईंनी रक्तदाब मोजला, तपासण्या केल्या, घरात कुणाला छातीची गाठ, कुणाला रक्ताची गुठळी, सतरा प्रश्न. मग शांतपणे, अशा आवाजात की आपल्यालाच झोप यावी, ‘हे बघा, हार्मोनची पट्टी देता येईल. ती सगळ्यांना चालत नाही, तुम्हाला चालेल असं दिसतंय. फायदा काय, धोका काय, दोन्ही सांगते, मग तुम्ही ठरवा.’ सांगितलं सगळं. हिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. झोपेचं नाही, घामाचं नाही. म्हणाली, ‘माझं मोजणं परत येईल का?’ बाईंना काय कळणार, भट्टी कुठली नि हात कुठला! मी तोंड उघडणार होतो, गंमत सुचली होती चांगली. पण हिनं बघितलं माझ्याकडं. मिटलं.

पट्टी म्हणजे कशी, पातळ, आरपार दिसणारी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. सोमवारी एक, गुरुवारी एक, बेंबीखाली चिकटवायची. सोबत रोजची एक गोळी. खोक्यात आठ पट्ट्या, चार आठवड्यांची बेगमी. आक्काचा फोन, ‘अगं, हार्मोन? मिशा येतील!’ नाही आल्या. काय आलं सांगू? पंधरा आलं! तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे ही भट्टीत हात घालून उभी, ‘...तेरा, चौदा, पंधरा,’ आणि हात बाहेर. पाव असे फुलले, मास्तरांनी दोन नेले आणि टोमणा मारायचा विसरले! ही ट्रे पुसताना गुणगुणायला लागली हो. दोन वर्षांनी!

इथंच थांबायचं ना देवानं? पण नाही. मैद्याचं पोतं उचलताना माझी कंबर धरली. औषधवाल्याकडनं कमरेच्या पट्ट्या आणल्या होत्या, त्याच फेरीत हिचं नवं खोकंही आणलं, त्यानं सगळं एकाच पिशवीत कोंबलं, मी पिशवी खणात कोंबली. दुसऱ्या दिवशी खण उघडला, चष्मा कुठाय कुणास ठाऊक, बारीक अक्षराशी माझं तसंही जमत नाही, शाळा चौथीपर्यंत, तीही बाकावर उभा राहून. पण चित्र तर कळतं ना माणसाला! खोक्यावर एक बाई, कमरेवर हात ठेवून हसतेय. म्हटलं हीच! कंबर दुखायची थांबली म्हणूनच हसतेय बया! दोन काढल्या. एक डावीकडं, एक उजवीकडं. वास नाही, जळजळ नाही. म्हटलं उंची माल दिसतो! आणि खोटं कशाला सांगू, आराम पडला! गल्ल्यावर येईल त्याला सांगत होतो, ‘कंबर दुखते? मला विचारा!’

गुरुवारी हिनं खोकं उघडलं. तशीच उभी राहिली. ‘अहो, सोमवारी मी एकच लावली ना? सात हव्यात. पाचच आहेत.’ आणि मी काय म्हणालो? ऐका, आता लाज वाटते पण ऐका... मी म्हणालो, ‘अगं, मिठाला पांढरं म्हणणारी तू, तुला सोमवार कुठला आठवतोय!’ गंमत केली, दुसरं काय! ती खोक्याकडं बघत म्हणाली, ‘हो. मीच विसरले असणार. जास्त लावल्या गेल्या असतील.’ आणि भीतीनं त्या दिवशी लावलीच नाही. पुढच्या सोमवारी एक लावली. मंगळवारी मी परत दोन घेतल्या. गुरुवारी परत कमी. परत ती बिनपट्टीची. तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या दोन माझ्या कमरेवर! तिनं कुणाला विचारलं नाही, की नवं खोकं मागितलं नाही. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून तिला विसराळू म्हटलं होतं ना, तिला पटलं होतं ते.

झळ परत. हात सातावर. पाव कच्चा. मास्तर हजर! मग मी काय केलं? बाजारातनं काट्याची तबकडी आणली, उष्णता दाखवणारी, आणि चार गिऱ्हाइकांसमोर भट्टीच्या दारावर स्क्रूनं ठोकून बसवली. ‘मंडळी, आजपासून हात रिटायर!’ टाळ्या पडल्या. हिनं ॲप्रन काढला, खिळ्याला अडकवला आणि गल्ल्याच्या बाजूला पाव बांधायला येऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं हो! आठवडाभर नुसती पाव बांधत राहिली. डझन पाव पिशवीत घालायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, ‘जरा मोजून घ्या. माझा भरवसा नाही.’ पोरासोरांना म्हणायची! ती पोरं बोटं लावून मोजायची, आणि दर वेळी बाराच असायचे. दर वेळी.

गेल्या महिन्यात दवाखान्याची तारीख होती. ही रिकामं खोकं घेऊन खाली मान घालून बसली. ‘बाई, चार आठवड्यांच्या तीनमध्येच संपल्या. माझ्याच्यानं मोजणं होत नाही आता. तुम्ही बंदच करा हे.’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘घाई नको, नीट आठवून सांगा.’ मी म्हटलं, ‘बाई, आठवून? तिला?’ आणि स्वतःच्या विनोदावर हसत खुर्चीतनं उठलो, तर कमरेतनं कळ! ‘आई गं!’ बाई म्हणाल्या, ‘काय झालं?’ झालं! आम्हाला कुणी विचारावं आणि आम्ही दाखवू नये? शर्ट वर केला, पाठ फिरवली, ‘कंबर हो. पण आमच्याकडं पट्टी आहे, बघा, एक नंबर!’

मागनं बाईंचा आवाज, अगदी हळू, ‘ही पट्टी... कुठून घेतलीत?’

मी म्हटलं, ‘त्या हसणाऱ्या बाईच्या खोक्यातनं.’

मी वळून बघितलं. डॉक्टरीणबाईंनी रुमाल तोंडावर धरलेला. आणि ही? ही बोटांवर मोजत होती. हळूहळू, एकेक बोट दाबून. ‘दोन मी... सहा तुम्ही. आठ.’ परत पहिल्यापासून. ‘दोन मी. सहा तुम्ही.’ मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘म्हणजे माझं बरोबर होतं.’ ओरडली नाही. मी म्हणायला गेलो, ‘अगं, गंमत...’ पुढचं काही निघेना. पहिल्यांदाच हो, आयुष्यात पहिल्यांदा पुढचं निघालं नाही!

बाईंनी माझ्या पट्ट्या ओढून काढल्या. चांगल्या जोरात काढल्या, डॉक्टरकीत एवढा जोर लागत नसावा. हिला नवं खोकं लिहून दिलं. मी विचारलं, ‘बाई, माझं काय होईल?’ म्हणाल्या, ‘तुम्हाला त्रास झालाच तर या.’ झालं तर या! एवढंच! घरी येऊन तीनदा आरशासमोर उभा राहिलो. छाती बघितली. आवाज काढून बघितला. आक्काला फोन केला तर ती हसत हसत ठसक्यानं मरायला टेकली. गल्ल्यावर मास्तर, ‘काय मालक, आज कुठली भट्टी पेटलीय?’ सगळे हसले. तुम्हाला सांगतो, तिथं उभं राहून ते ऐकायला कसं वाटतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

नव्या खोक्याचा तिसरा आठवडा लागला, आणि आज पहाटे उठून मी ती तबकडी काढली. स्क्रू निघेना, बोट सोलवटलं, पण काढली. ॲप्रन झटकून भट्टीजवळ ठेवला. ही आली. भोकाकडं बघितलं, ॲप्रनकडं बघितलं, माझ्या बोटाकडं नाही बघितलं. ॲप्रन बांधला, बाही वर केली, हात आत. ‘एक, दोन, तीन...’ मी लांब दांड्याचं फावडं धरून बाजूला उभा, राहवेना हो, म्हणून हळूच विचारलं, ‘अगं, ते औषध एवढं अंगात गेलं... मला काही होणार नाही ना?’

‘...अकरा, बारा... तीन आठवडे बाईचं औषध अंगात मुरवलंत, तरी एकदाही स्वतःचा कप विसळावासा वाटला नाही. तुम्हाला काय होणार? ...तेरा, चौदा, पंधरा. घाला पाव.’