बसतो, चालतो, लागतो

बायको : म्हणजे यातला आमचा कुठला?

दुकानदार : तिन्ही तुमचेच. ब्रेक पॅड मागितलेत ना? तिन्ही बॉक्स तुमच्याच गाडीचे.

नवरा : मग द्या ना कुठलाही.

बायको : तुम्ही गप्प बसा हं. मागच्या वेळी तुम्हीच आणले होते.

दुकानदार : हा मधला चालतो.

बायको : आमच्या गाडीला चालतो?

दुकानदार : खपतो, असं म्हणतोय. गिऱ्हाईक हाच नेतं.

बायको : मला खपणारा नको. गाडी थांबवणारा हवा.

दुकानदार : थांबवतात सगळेच, ताई. एक मिनिट हं, फोन... हॅलो? हो हो, चालेल.

बायको : कुठला चालेल?

दुकानदार : तुम्हाला नाही, फोनवर. नाही हो, तुम्हालाच म्हटलं, इथे ताई आहेत...

नवरा : अहो, पण डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा, असं काही असतं का?

दुकानदार : एका बॉक्समध्ये पुढच्या दोन्ही चाकांचे येतात. गाडी कुठल्या सालची?

नवरा : घेतली त्या सालची. जानेवारीत घेतली.

दुकानदार : म्हणजे बनली आधीच्या सालात. त्याच सालात मध्येच साइज बदलली.

नवरा : मग आमची जुनी की नवी?

दुकानदार : आहे जुनीच. पण नवी असेल.

बायको : काय?

दुकानदार : काळा नको, काळा चालणार नाही!

बायको : अहो, तुम्ही दाखवलेला हा बॉक्स काळाच आहे की!

दुकानदार : तो फोनवरचा काळा. सीट कव्हर.

नवरा : माझं डोकं भणभणायला लागलं. तो कडेचा द्या. बसेल.

बायको : बसेल? मागच्या वेळीही हेच म्हणालात. काल उतारावर पाय पार खाली दाबला मी. ब्रेक लागलाच नाही. भिंत लागली.

नवरा : अगं, नुसता बंपर घासला. कुणाला काही लागलं का?

बायको : लेक सकाळपासून गाडीत बसत नाहीये. शाळेत चालत गेली, इथपर्यंत चालत आली. ती बघा, तुमच्या पायरीवर बसलीय. मला म्हणते, तू चालव, मी पायी येते. सात वर्षांची पोर.

दुकानदार : (फोन ठेवून देत) काढलेला पॅड आणलाय का?

नवरा : हा घ्या. समोरच्या गॅरेजमध्ये गाडी उभी आहे, तिथे आत्ताच काढला.

दुकानदार : बघू. हा तर... हा मधलाच की! म्हणजे तुम्हाला मधला बसतो. सुटला प्रश्न.

बायको : ही कड अशी चकचकीत का? बाकी सगळा मळकट आहे.

दुकानदार : कुठे? अरे हो. कानस फिरवलीय याच्यावर.

बायको : म्हणजे?

दुकानदार : बसला नव्हता. बसवलाय. घासून बसवलेला कधी सरकतो, कधी अडकतो. काल अडकला असेल.

बायको : अहो?

नवरा : तो आधीचा मेकॅनिक म्हणाला, घट्ट होतोय, जरा घासतो, चालेल का? मी म्हटलं, चालेल. चालली ना गाडी वर्षभर?

बायको : चालली. थांबली नाही.

नवरा : मला काय कळतं गं त्यातलं? नको म्हटलं असतं, तर त्यानं विचारलं असतं, का नको. काय सांगणार होतो मी?

बायको : हेच सांगायचं, की मला कळत नाही.

दुकानदार : बरं, मधला गेला. राहिले दोन. यातला हा... नाही, हा. थांबा. बॉक्सवर दोन्हीकडे तुमचीच गाडी छापलीय.

बायको : तुमच्या घरच्या गाडीत कुठला आहे?

दुकानदार : मी बसनं येतो, ताई.

नवरा : झालं!

दुकानदार : असं करा, दोन्ही घेऊन जा. फोडलेला बॉक्स मी परत घेत नाही, पण घेईन. चाक उघडंच आहे ना? हातानं ढकलून बघायला सांगा. अलगद आत गेला तर तुमचा. त्यानं हातोडी उचलली की पॅड उचलून परत आणा.

नवरा : द्या, मी जातो.

बायको : मी जाते. मी उभी राहीन चाकाशी. आणि झालं की आधी एकटीच उतारावरून जाऊन येईन. ब्रेक दाबत दाबत.

नवरा : एकटी कशाला? मी बसतो ना शेजारी.

बायको : नको.

नवरा : राग आहे माझ्यावर?

बायको : आहे. पण त्यासाठी नाही म्हणत मी.

नवरा : मग?

बायको : आपल्यातल्या एकानं तिच्याजवळ राहायला हवं.