कंपनीच्या खात्यातली भिशी

इनायात : चहा नको मला, वगीह. माणसाला रिकाम्या हाती परत पाठवायचं असलं की तू चहा मागवतोस. गोठवलेलं खातं उघड.

वगीह : खाला, माझ्या हातात असतं तर तुम्ही ट्रॅममधून उतरायच्या आत उघडलं असतं.

इनायात : मग ज्याच्या हातात आहे त्याचं नाव सांग. आज गुरुवार, दोनला तुम्ही बँकेचं शटर ओढणार. शुक्र-शनि सुट्टी. रविवारी सकाळी आठला फहीमाच्या ऑपरेशनचे पैसे हॉस्पिटलात भरायचेत. डोळ्याचा पडदा सुटलाय तिचा. डॉक्टर म्हणाला, रविवार गेला की डावा डोळा गेला. उजव्यानं तिला आधीच दिसत नाही.

वगीह : कोण फहीमा?

इनायात : शाळेत सहा वर्षं तू आमच्या कंपनीत शिवलेला गणवेश घातलास ना, त्याची काजं करणारी. पट्टी बांधून बाहेर बाकावर बसलीय.

वगीह : हे बघा. कराच्या विवरणपत्रात तुम्ही गणवेशांची विक्री दाखवलीत, तिच्या पावत्या आहेत. पण खात्यात आलेत त्याच्या दीडपट. दर महिन्याच्या पाच तारखेला बावीस वेळा पैसे जमा, सगळ्या रकमा सारख्या, एकीचीही पावती नाही. आता कंपनीचं खातं आणि कराची फाइल शेजारी ठेवून बघतात. कर कार्यालयाला वाटतं, तुम्ही विक्री लपवलीत, म्हणून खातं गोठवलंय.

इनायात : भिशी आहे रे ती. गल्लीतल्या बावीस बायकांची. या महिन्याची पाळी फहीमाची. तुझी आई नव्हती का भिशीत?

वगीह : होती. पण त्यांची बिस्किटाच्या डब्यात असायची.

इनायात : आमचीही डब्यातच होती, फहीमाच्या घरी. गेल्या रमजानात तिच्या नवऱ्यानं, त्या अब्बासनं, डबा रिकामा केला आणि मोटारसायकल आणली. तेव्हा मी म्हटलं, आता सरळ कंपनीच्या खात्यात भरा. तिथं कुणाच्या नवऱ्याचा हात पोचत नाही. मोठी शहाणी मी.

वगीह : निदान मला विचारायचं.

इनायात : विचारलं होतं. तू म्हणालास, खाला, बँकेइतकी सुरक्षित जागा नाही.

वगीह : मला वाटलं कंपनीचे पैसे म्हणताय.

इनायात : बरं, आता काय करू ते सांग.

वगीह : बावीस जणींची नावं, ओळखपत्रांचे क्रमांक आणि सहीनिशी पत्रं द्या, की हे पैसे आमचे, विक्रीचे नाहीत. कर कार्यालयानं मानलं की दाखला मिळेल. दाखला आला की आम्ही खातं उघडू.

इनायात : त्यातल्या नऊ जणी सरकारी मदतीवर आहेत. दर महिन्याला एवढे पैसे बाजूला टाकते म्हटल्यावर मदत बंद, रेशनही जाईल. उरलेल्यांत निम्म्या जणींच्या नवऱ्यांना भिशीचा पत्ता नाही. किती घरांत आग लावून येऊ?

वगीह : मग नावं देऊ नका.

इनायात : असं कर, विक्री म्हणूनच लिहून टाक. लपवली म्हण. कर भरते, दंड भरते.

वगीह : दंड कंपनीच्याच खात्यातून भरावा लागतो.

इनायात : जे तुम्ही गोठवलंय.

वगीह : हो.

इनायात : वा. हे डोकं ज्यानं लढवलं त्याचं तोंड एकदा बघायचंय मला.

वगीह : आणि काहीही केलं तरी पंधरा दिवस लागतात, सुट्ट्या सोडून. तोवर कुणाकडून उसने...

इनायात : बांगड्या काल मोडल्या. निम्मेसुद्धा जमले नाहीत. सगळी गल्ली पालथी घातली, पण गल्लीचे पैसे तुमच्याकडेच आहेत.

वगीह : खाला, एक सांगायचंय. त्या रकमा पहिल्यांदा मीच पाहिल्या. वर कळवणं भाग होतं. खातं कुणाचं ते बघितलं नव्हतं, असं तुम्हाला सांगणार होतो. बघितलं होतं.

इनायात : आणि तरी कळवलंस.

वगीह : नसतं कळवलं तर या खुर्चीत आज दुसरा असता. त्यानंही हेच सांगितलं असतं.

इनायात : असता. पण त्याला मी कडेवर घेऊन फिरले नव्हते.

वगीह : लाज वाटते मला.

(फहीमा भिंतीला हात लावत आत येते.)

फहीमा : झालं का गं? तो बाक फार गार आहे. हा वगीह ना? आवाज अगदी बापासारखा झालाय.

वगीह : बसा, फहीमा खाला.

इनायात : नाही झालं, फहीमा. पैसे निघत नाहीत. आज नाही आणि रविवारीही नाही. बावीस जणींची नावं सरकारला द्यावी लागतील म्हणे. चूक माझी आहे.

फहीमा : माझं दे. मदत बंद झाली तर झाली.

वगीह : एकीचं चालत नाही. सगळ्यांची लागतात.

फहीमा : मग नको. बायकांचे संसार मोडतील. पण पैसे आत आहेत ना, बाळा?

वगीह : आहेत. एक पैसाही कमी नाही.

फहीमा : अब्बासला मिळणार नाहीत?

वगीह : कुणालाच मिळणार नाहीत.

फहीमा : बरं झालं. परत कधी यायचं?

वगीह : पंधरा दिवसांनी विचारा.

इनायात : चल, फहीमा. माझा हात धर.

फहीमा : तू कागद गोळा कर, हा नेईल मला. दारापर्यंत चल रे, वगीह. आणि उतरताना पायऱ्या मोजून सांग, पुढच्या वेळी लागतील मला.