शेपटीचं शून्य

माझं माहेर राधानगरी तालुक्यातलं, आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला. दादा, म्हणजे माझे वडील, कुणाच्या उसात तोडीला, कुणाच्या भातात चिखलणीला, जिथनं हाक येईल तिथं जायचे, आणि आईनं एक म्हस पाळलेली, त्या म्हशीच्या दुधावर आमची शाळा झाली म्हटलं तरी चालंल. अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पयली. बी.ए. झाले, मराठी घेऊन. हे मी मुद्दाम सांगतीय असं वाटंल तुम्हाला, तर व्हय, मुद्दामच सांगतीय. निकाल लागला त्या दिवशी दादा धुवट फेटा बांधून डेअरीपासनं स्टँडपर्यंत उगाच फेऱ्या मारत होते, कोण विचारतंय का म्हणून. कोण विचारंना, तर आपणच सांगायचे, पोरगी बी.ए. झाली, काम काय न्हाय, सहज चाललोय.

पण गणिताचं काय सांगू तुम्हाला. दशांश अपूर्णांक म्हटलं की मी वहीच मिटून ठेवायचे. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन, हे आमच्यात शाळेत न गेलेल्यालाबी कळायचं, आई तर पाव किलो शेंगदाणं नुसतं हातावर घेऊन सांगायची की हे कमी हाईत, अजून घाल. पण तेच वहीत टिंब देऊन लिहिलं की ते आमचं न्हायच, परक्या मुलखातलं कायतरी आलंय असं वाटायचं. सव्वादोनमध्ये ते पंचवीस कुठनं आलं, हे मला दहावी होईस्तोवर कळलं न्हाय. मी पाठ केलं, पास झाले, आणि आर्ट्सला पळाले. सुटले म्हटलं.

कशाची सुटतीय. लग्न होऊन शेजारच्याच गावात गेले, अंगणवाडीत सेविका म्हणून लागले, तर टिंब पुढ्यात येऊन हजर. पोरांची वजनं करायची. आढ्याला टांगलेला गोल काटा, त्याला झोळी, झोळीत पोरगं, पोरगं भोकाड पसरतंय आणि काटा थरथरतोय. काट्यावर एका किलोची दहा घरं पाडलेली, आणि माझ्या डोक्यात पाव, अर्धा, पाऊण, म्हणजे चारच घरं. कसं जमायचं? आमच्या पर्यवेक्षिका बाई आल्या, मला बघून म्हटल्या, बी.ए. हाईस न्हवं, मग घाबरतीस काय म्हशीगत? टिंबाच्या पुढं तीन घरं हाईत असं धर, ग्रॅमची. रिकामं घर दिसलं की शेपटीला शून्य ठेव. तीन घरं भरली की टिंब विसर, नुसतं ग्रॅम वाच. साडेआठ किलोचं पोर, आठ पॉइंट पाच, दोन शून्यं लाव, आठ हजार पाचशे ग्रॅम.

त्या दिवशी मी घरी आले आणि चुलीतली राख पसरून तीत बोटानं लिहीत बसले. दोन पॉइंट पंचवीस. एक घर रिकामं, शून्य ठेवलं. दोन किलो अडीचशे ग्रॅम. अडीचशे म्हणजे पाव. अगं आई गं, ते पंचवीस म्हणजे आमचा पावच की! एवढी वर्षं तो आमच्याच घरात ऱ्हात होता आणि मी त्याला ओळख दाखवत न्हवते. एकटीच हसले. सासूबाई म्हटल्या, राखंत काय सोनं गावलं काय गं?

आता खरी गोष्ट सांगते, ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं. माझा भाऊ मिलिंद, त्याची बायको शोभा. शोभावहिनी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, तालुक्याच्या दवाखान्यात. मुलगी. एवढीशी, उंदराच्या पिल्लागत. काही दिवस ठेवून घेतली, मग सोडताना डॉक्टर म्हटले, वजन एक पॉइंट नऊ हाय, हे वाढत ऱ्हायलं पायजे, कमी झालं तर घरात बसू नका, तशीच घेऊन या, बारक्या लेकरात वेळ घालवायचा न्हाय. आईनं ते एक पॉइंट नऊ अगदी बुद्धवंदनेतल्या त्रिसरणासारखं पाठ करून टाकलं. येता-जाता म्हणायची.

वजन करायचं कुठं? त्यात पाऊस मुसळधार, एसटीचा भरवसा न्हाय. तर मिलिंदनं काय करावं? गावच्या दूध डेअरीत तेव्हा नवा इलेक्ट्रॉनिक काटा आलेला, तांबडे आकडे पडायचे त्याच्यावर, लोकं नुसती बघायला जायची. त्यानं पोरगी दुपट्यात गुंडाळली आणि दुधाच्या रांगंत जाऊन उभा ऱ्हायला. डेअरीतले अण्णा म्हटले, काय रे, म्हशीचं का गाईचं? सगळी हसली, पण अण्णांनी ताट पुसून घेतलं आणि पोरगी दुपट्यासकट काट्यावर ठिवली. आकडे पडले, अण्णांनी मोठ्यानं वाचले, एक पॉइंट पंच्याऐंशी! झालं. नऊवरनं पंच्याऐंशी! दादांनी तिथंच साखर वाटली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. दारातच आईनं माझ्या तोंडात साखर कोंबली, म्हटली, नात वाढली बघ, आत जा. मी आत गेले. पोरीच्या मांडीची कातडी सुरकुतलेली. वहिनी कौतुकानं सांगतीय, वन्सं, लय शानी हाय हो, रडतच न्हाय, प्यायला घेतलं तरी झोपती. मी विचारलं, वजन किती भरलं? तिनं सांगितलं. नऊ होतं, पंच्याऐंशी झालं.

तोंडातली साखर मी पदरात काढली.

मी म्हटलं, आई, वजन कमी झालंय. तर आई उसळली की. कमी? नऊ मोठं का पंच्याऐंशी मोठं? ह्याच्यापायी तुला कोल्हापूरला कॉलेजात धाडली व्हय? मिलिंद म्हटला, आक्का, अख्ख्या गावानं आकडा बघितलाय, आता तू अपशकुनागत बोलू नको. मी शून्यं समजावून सांगायला लागले, तीन घरं, टिंब, ग्रॅम, पण ज्याच्या तोंडात साखर हाय त्याला शून्य कसं कळणार?  मग दादाच म्हटले, भांडू नका. काटा हाय न्हवं तिथंच, त्यालाच विचारू.

संध्याकाळचं दूध घालायची वेळ. मी अण्णांना म्हटलं, रिकामी बादली ठेवा, आकडा शून्यावर आणा. आणला. मग तांब्यानं पाणी ओतत गेले. एक पॉइंट नऊ व्हायला आलं तशी थेंब थेंब सोडलं, आणि थांबले. काट्यावर आकडा कसा पडला सांगू? एक पॉइंट नव्वद. आई पुढं वाकली, म्हटली, अगं, नऊच्या मागं शून्य कुठनं आलं? मी म्हटलं, आई, ते पयल्यापासनं हाय, कागदावर लिहीत न्हाईत एवढंच. आता बघ. चमच्यानं पाणी काढत गेले. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. रांगंतली माणसं किटल्या खाली ठेवून बघायला लागली. पंच्याऐंशीवर थांबले. म्हटलं, सांग, पाणी वाढलं का कमी झालं?

 आईचा हात तोंडावर गेला. आणि मग तिचं तिलाच सुचलं, मी काय बोलले न्हवते, म्हटली, आणि दुपटं गं? दुपट्यासकट केलतं की त्यांनी. म्हणजे माझी पोरगी अजूनच कमी!

त्यावर काय समजवायचं ऱ्हायलंच न्हाय. अण्णांनी दुधाचा टेम्पो त्या दिवशी वाट वाकडी करून दवाखान्याकडं घातला. पुढं ड्रायव्हरजवळ वहिनी आणि पोरगी, मागं कॅनांत मी, आई आणि मिलिंद. आई सारखी मला विचारत होती, उशीर झाला न्हाय न्हवं, आक्के? तिनं मला आक्के म्हटलं की समजायचं, घाबरलीय. मी न्हाय न्हाय म्हणत होते, आणि ड्रायव्हरला जोरात घे म्हणून पत्रा ठोकत होते.

डॉक्टरनी सगळं तपासलं. म्हटले, रोग-बिग काय न्हाय. जीव लहान हाय, ओढता ओढता दमती आणि उपाशीच झोपती, शानी-बिनी काय न्हाय. आईचं दूध काढून वाटीनं पाजा, झोपली तरी उठवून पाजा, आणि उघड्या छातीशी धरून ऊब द्या. अजून चार-आठ दिवस घरात ठेवली असती तर मला अवघड झालं असतं, वेळेत आणलीत.   आई बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली, लय वेळ धूत होती.

मग अख्खं घर कामाला लागलं. वहिनी दमली की आई पोरगी छातीशी धरायची, आई दमली की दादा. आमचे दादा, ज्यांनी आम्हाला कधी कडेवर घेतलं न्हाय, ते सदरा काढून भिंतीला टेकून बसायचे, पोरगी छातीवर आणि वरनं फेटा गुंडाळलेला. खोकलाबी आला तरी दाबायचे.

आणि वजन चढत गेलं. पुढं अण्णांनी काट्यासाठी एक दुपटं कायमचं बाजूला काढून ठेवलं, आधी ते ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, मग पोरगी. एक पॉइंट पंच्याण्णव भरलं. मग एक दिवस आकडा पडला दोन पॉइंट शून्य पाच, आणि दादांचं तोंड उतरलं. म्हटले, पंच्याण्णववरनं पाच? आता कुणाची नजर लागली? तर आई फणकारली, अहो, नजर तुमचीच गेलीय. टिंबाच्या अलीकडं बघा, दोन आलेत दोन! मागच्या घरात शून्य ठेवा, दोन हजार पन्नास. रांगंतल्या सगळ्या बायका हसल्या. त्या दिवशी साखर आईनं वाटली, आणि वाटायच्या आधी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मग वाटली.

आता ह्या गोष्टीला दहा वर्षं व्हायला आली. दादा न्हाईत आता. डेअरीत दुधाची छापील चिठ्ठी मिळती, पण आई अजून तिथं उभी असती, कुणाच्या सुनंच्या हातात तान्हं दिसलं की थांबवून विचारती, वजन किती, आणि तीन घरं भरून बघितलंस का? सुना तिला तीन घरांची आजी म्हणतात. म्हणू देत.

आणि पोरगी, सुजाता नाव तिचं, पाचवीला हाय. परवा माझ्या अंगणवाडीत आली, मोठ्या काट्यावर उभी केली, तर बरोब्बर एकतीस. टिंब न्हाय, काय न्हाय. मी तसंच माहेरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हटली, तरीबी शेपटीला तीन शून्यं लाव की गं, एकतीस हजार ग्रॅम, ऐकायला बरं वाटतंय.

मग लावली. आपलं काय जातंय त्यात. सगळ्यांच्या लेकरांच्या मागं अशीच शून्यं लागत ऱ्हावोत. भवतु सब्ब मंगलं.