दाबलेला खोकला

बायको: आणि वर लिफ्ट बंद. दम लागणाऱ्यांची तपासणी तिसऱ्या मजल्यावर ठेवायची अक्कल कुणाची, तेवढं सांगा.

डॉक्टर: बाई, ही इमारत मी बांधलेली नाही. बसा. यांना बोलू द्या.

बायको: बोलायला श्वास उरलाय का त्यांच्यात? प्रत्येक जिन्यावर टेकत टेकत आलेत.

फौजी: अगं, गप्प बस ना जरा. साहेब आहेत.

बायको: तुमचे असतील. माझे नाहीत.

डॉक्टर: तुमची अपंगत्व पेन्शन का नाकारली, माहीत आहे ना? नोकरी सुटताना तपासणी झाली, तेव्हा तुम्हीच सांगितलंत, खोकला नाही, दम नाही. आता म्हणता, फुप्फुसं छावणीतल्या धुरानं गेली. आजच्या तपासणीनंतर कुठेही दाद मागता येणार नाही.

फौजी: तसं सांगितलं होतं खरं, साहेब.

बायको: का सांगितलं ते सांगा की. तोंड शिवलंय का?

फौजी: दाराशी घरी जायची बस उभी होती. जो खोकेल त्याला छावणीच्या दवाखान्यात ठेवून घ्यायचे, दोन-दोन महिने. आणि दवाखाना त्या खड्ड्याच्या शेजारीच.

डॉक्टर: कसला खड्डा?

फौजी: कचऱ्याचा. टायर, बॅटऱ्या, जुनी औषधं, सगळं त्यात. वरून विमानाचं तेल ओतून पेटवायचं. मी सळईनं ढवळायचो, नाकाला ओला रुमाल बांधून.

बायको: एवढ्या धुरात माणूस उभा केला आणि हातात दिला काय, तर रुमाल.

फौजी: रुमाल माझाच होता.

डॉक्टर: पण तेव्हाच्या डॉक्टरांनी छाती तपासली असेलच. त्यांना कसं कळलं नाही?

फौजी: आम्ही एकमेकांना शिकवलं होतं. आधी कोमट पाणी प्यायचं. पाठीला नळी लागली की जीभ टाळूला दाबायची, पोट आत ओढायचं आणि ती बस डोळ्यांपुढे आणायची. आमच्यातल्या काडीनं शोधून काढलं होतं ते. खड्डा तो पेटवायचा, म्हणून त्याचं नाव काडी.

बायको: गेला तो. शेवटी आडवंही होता येत नव्हतं, खुर्चीत बसून झोपायचा. त्याच्या बायकोलाही तुमच्या लोकांनी हेच ऐकवलं, नोकरी सुटली तेव्हा तो ठणठणीत होता म्हणून. माझं डोकं फिरतं हो. पोरं घरी यायला आसुसली होती, म्हणून खोटं बोलली. ते खोटं तुम्हाला लगेच पटलं. आता खरं सांगतायत, तर म्हणे पुरावा आणा. धूर काय डब्यात भरून आणायचा होता?

डॉक्टर: मला जे ऐकू येईल तेच मी लिहीन. तेवढंच माझ्या हातात आहे. शर्ट काढा.

(फौजी शर्ट काढून ताठ उभा राहतो. डॉक्टर त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावतात.)

डॉक्टर: श्वास घ्या. सोडा. अहो, घ्या ना. असं कसं काहीच ऐकू येत नाही?

बायको: त्यांचं पोट बघा, डॉक्टर.

डॉक्टर: तुम्ही श्वास रोखून धरलाय. मी काय लिहू असं?

फौजी: मुद्दाम नाही, साहेब. नळी लागली की आपोआप होतं.

डॉक्टर: पुन्हा लावतो. सैल सोडा अंग. परत तेच.

बायको: अहो, इकडे बघा, माझ्याकडे. ती बस केव्हाच निघून गेली. खोका आता.