चौकातली काळी टाइल

अहो, चहा राहू द्या, आधी हे ऐका! इथल्या मुऐदर भागातल्या एका कतरी गिऱ्हाइकाला घरात अल्हंब्रा महालासारखा चौक हवा होता. नक्षीदार कमानी, मधोमध कारंजं, भोवती निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या चांदण्या! टाइल्स माझ्या, हात आमच्या साताऱ्याच्या बबन मिस्त्रीचे. घराचा मालक आईला घेऊन बघायला आला, आणि एका चांदणीत काळीकुट्ट टाइल!

“बबन्या, हे काय?” मी दबक्या आवाजात विचारलं. सगळं उखडायला लावलं तर खलास!

“शेठ, एवढं देखणं काम. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली.”

मी मालकाला हिंदीत सांगितलं, त्यानं आईला अरबीत. म्हातारी काय म्हणाली, ते त्यानं हसत हसत सांगितलं, “एकच? माझी जाऊ अजून बघायला यायचीय. यल्ला, आणखी चार लावा!”