कडी आतून

हे लिहिणारच नव्हतो, कारण दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकलंय. मी मित्राबरोबर प्लायवुडच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढे बोटीवर राहणारं एक म्हातारं जोडपं.

"पोराच्या खोलीला पडदा आहे ना? मग दार कशाला?"

"अहो, पडद्यापायीच सून माहेरी गेलीय. दार लागलं तर येते म्हणालीय."

"आपण तीस वर्षं पडद्याआडच काढली."

"काढली. भांडायचं झालं तरी कुजबुजत भांडले तुमच्याशी."

"आता करतेयस की भरपाई."

"करणारच!"

"बरं बाई. पण दारात जागा गेली तर माझे दोर कुठे ठेवू?"

"माझ्या उशाशी."

"दुकानदार, कडी बाहेरून लागणारी द्या हो. लाटेत दार आपटतं."

"बाहेरून? ती दोघं काय शेरडं आहेत कोंडायला? भाऊ, कडी आतून द्या. माझ्या सुनेच्या हाताशी."

"अख्ख्या धक्क्यावर कुणाच्या बोटीत असलं दार नाही."

"नसू दे. आपल्या बोटीत असेल!"

माझा मित्रही बोटीवरच राहतो. महिन्यापूर्वी त्याचं लग्न झालं, तरी मी आपला सरळ उडी मारून आत शिरतो. बाहेर पडल्यावर त्याला म्हणालो, "यापुढे काठावरून हाक मारीन. तू 'ये' म्हणालास तरच चढेन. शब्द देतो."