सुपारीएवढा राजा घाट

सन्माननीय अध्यक्ष बिंदुमाधवराव, पुण्याहून मातोश्रींना गंगास्नान घडवायला आलेले आणि आमच्या आग्रहाखातर व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे रत्नाकरपंत, मंडळाचे तडफदार कार्यवाह चिरंजीव यज्ञेश, महिला शाखेच्या प्रेमलाताई, समोर पहिल्या रांगेत बसलेले वेदमूर्ती वेणीमाधव गुरुजी, काशीतल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो, आणि जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती नीरजा. ती इतका वेळ खाली मान घालून बसली आहे, की नवख्या माणसाला वाटावं, काय गरीब मुलगी आहे!

कार्यवाहांनी मला ‘थोडक्यात’ अशी चिठ्ठी पाठवली आहे. अध्यक्षांचा परिचय करून देणाऱ्यांना ती मिळाली नसावी. असो. बत्ती आहे तोवर बोलून घेतो.

गुरुजींची ही कन्या उद्या पुण्याला निघाली, रत्नाकरपंतांच्या कारखान्यात. तिथे संगणकावरचे खेळ तयार होतात. मी कारखाना म्हटलं की ही हसते. “श्रीरामकाका, तिथे भोंगा नसतो.” नसेल. पण जिथे माणसं सकाळी धडधाकट आत जातात आणि संध्याकाळी डोळे चोळत बाहेर येतात, त्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

आता मूळ गोष्ट. आपल्या मंडळाने संगणक घेतला तो सभासदांची यादी ठेवण्यासाठी. यादी अजून जुन्या वहीतच आहे. संगणकाला प्रेमलाताईंनी भरतकामाचं आच्छादन शिवलं, यज्ञेशने झेंडूचा हार घातला, आणि मग त्याच्या जवळ जायची कुणाची छाती होईना. देवाला आपण निदान नैवेद्य तरी दाखवतो. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. एका दुपारी नीरजा आली आणि म्हणाली, “काका, आच्छादन काढू?” मी म्हटलं, काढ बाई, पण नीट घडी घालून ठेव.

त्या आच्छादनाखालून तिने स्वतः तयार केलेला एक खेळ निघाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या काळची काशी, आणि खेळणारा माणूस घाटांचा कारभारी. चुनारहून दगडांच्या नावा येतात. गवंडी पायऱ्या बांधतात. त्यांना वेळेवर धान्य पोचवायचं आणि गंगा चढायच्या आत काम पुरं करायचं. धान्य पोचलं नाही तर गवंडी निघून जातो, आणि अर्धा घाट पुरात जातो. यात बंदूक नाही, मारामारी नाही. तरी मी सांगतो, पूर यायला लागला की माझी छाती धडधडते.

चित्र कसं? गच्चीवरून अंगण बघावं तसं, वरून आणि जरा तिरकं. जमीन सगळी शंकरपाळ्यांची. एकाला एक चिकटलेली, कुठे पाण्याचं शंकरपाळं, कुठे दगडाचं, कुठे मणिकर्णिकेच्या धुराचं. याला आयसोमेट्रिक म्हणतात. मी घरी जाऊन हा शब्द पाठ म्हणून दाखवला, तर आमची मंडळी म्हणाली, “जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?”

या चित्राचा गुण म्हणा, खोड म्हणा, एकच. त्यात लांबची गोष्ट लहान होत नाही. या टोकाचा गवंडी जेवढा, तेवढाच त्या टोकाचा.

खेळाची बातमी लागली आणि आपल्या कार्यकारिणीला जाग आली. प्रत्येकाचं म्हणणं, आमचं घर त्यात पाहिजे. नीरजा म्हणाली, “काका, हा दोनशे वर्षांपूर्वीचा काळ आहे.” बिंदुमाधवराव म्हणाले, “मग? आमचे पूर्वज काय तेव्हा नव्हते?” तिने निमूटपणे अध्यक्षांचं घर राजा घाटावर बांधलं, प्रेमलाताईंचं मणिकर्णिकेच्या अलीकडे, आणि यज्ञेशला मुन्शी घाटाजवळ एक बाल्कनी काढून दिली. त्या काळी बाल्कनी नव्हती, पण त्या काळी यज्ञेशही नव्हता.

इकडे गुरुजींनी लेकीला सांगून ठेवलं होतं, “गणेशोत्सवात चार माणसांपुढे मांड. लोकांना भावलं तर पुढचं पुढे बघू. नाही तर हे बंद, आणि बी.एड.ला नाव घालायचं.” बापाचं म्हणणं गैर नव्हतं. शाळेतली नोकरी दिसते तरी. शंकरपाळ्यांवर पगार कोण देतो, हे काशीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि नेमका त्याच सुमारास यज्ञेश दिल्लीला जाऊन आला. दिल्लीहून आलेला माणूस काही दिवस जरा वेगळाच बोलतो, ते आपण समजून घेतो. त्याने बैठकीत खेळ पाहिला आणि नाक मुरडलं. “हे तर चपटं आहे! काका, अब सब कुछ थ्री-डी है. आत शिरता आलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे.”

बिंदुमाधवरावांनी विचारलं, “म्हणजे आपलं हे मागासलेलं आहे का?”

झालं! मागासलेलं हा शब्द निघाला की आपल्या कार्यकारिणीला घाम फुटतो. पंख्याच्या दुरुस्तीचा ठराव गेली तीन वर्षं लोंबकळतो आहे, पंख्यासारखाच. थ्री-डीचा ठराव चहा यायच्या आत मंजूर झाला.

नीरजा म्हणाली, “काका, मलाही थ्री-डी आवडतं. फिरायला फार मजा येते. पण फिरणं वेगळं आणि कारभार वेगळा.”

“कारभार तू आम्हाला शिकवू नकोस,” अध्यक्ष म्हणाले.

“छे काका, तुम्हाला कोण शिकवणार!” नीरजा म्हणाली. अध्यक्षांनी हे कौतुक म्हणून घेतलं. अजूनही ते तसंच घेताहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतंय.

मुलीने महिना-दीड महिना मान मोडून काम केलं. घाटांचे ठोकळे केले आणि त्यांच्या दर्शनी बाजूला चित्रं डकवली. तिने बजावून सांगितलं होतं, वेळ कमी होता, मागच्या बाजू रंगवलेल्या नाहीत, तिकडे जाऊ नका.

गणेशोत्सवाची ती संध्याकाळ आपल्यापैकी कोण विसरेल? भाड्याचा मोठा टीव्ही, खचाखच भरलेलं हे सभागृह, आणि माऊस यज्ञेशच्या हातात. नीरजा म्हणत होती, “दादा, मी धरते.” पण कार्यवाहांच्या हातातून वस्तू काढून घेणं काय सोपं आहे?

यज्ञेशने पहिल्या फटक्यात आपल्या सर्वांना गंगेत बुडवलं. पडदाभर हिरवं पाणी. बाहेर आलो ते थेट प्रेमलाताईंच्या घरापुढे. त्यांची खिडकी पडद्यावर मावेना. ताई शेजारणीला म्हणाल्या, “थ्री-डीत दम आहे हो!” पण अध्यक्ष अस्वस्थ.

“आमचा राजा घाट कुठे आहे?”

“तो काय काका, तिकडे, नावेच्या शिडामागे.”

“ती तर सुपारी आहे!”

“लांब आहे ना काका. लांबचं लहान दिसणारच. हेच तर थ्री-डी!”

“आमचा घाट लांब? कुणापासून लांब?”

खरं तर प्रश्न बरोबर होता. लांब म्हणजे कुणापासून लांब? पण त्याचा विचार करायला सवड कुणाला होती? यज्ञेश अध्यक्षांचं घर जवळ आणायला गेला आणि घाई-घाईत घाटाच्या मागेच पोचला. तिथे काहीच नाही. नुसती राखाडी पोकळी. आपल्या काशीच्या एवढ्या भव्य घाटांना मागून भिंतच नाही! मागच्या बाकांवरून कुणी तरी ओरडलं, “अरे, ई त कार्यकारिणी हौ!” त्या गृहस्थाचं नाव मला माहीत आहे. पण तो आज लाडू वाटायला आहे, म्हणून सांगत नाही.

मग भांडण. प्रेमलाताईंचं घर मोठं का, मुन्शी घाट आडवा का, सुपारीची भरपाई कोण करणार. या गदारोळात पलीकडच्या टोकाच्या गवंड्यांना धान्य कुणी पाठवलंच नाही. ते कुणाला दिसतच नव्हते, तर पाठवणार कोण? गंगा चढली. सुपारी वाहून गेली.

गुरुजी उठले. उपरणं सावरलं. “नीरजे, चल. झालं तेवढं पुरे. बी.एड.चं बघू.”

नीरजा टीव्हीच्या मागे तारा गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही, उलट उत्तर दिलं नाही. या मुलीला मी रांगत होती तेव्हापासून ओळखतो. ही गप्प बसली म्हणजे समजावं, आत काही तरी मोडलं आहे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, “आधीचा खेळ बघायला मिळेल का?”

डोक्याचं क्षौर केलेले एक गृहस्थ उभे होते. हेच आपले रत्नाकरपंत. तेव्हा वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला आले होते, मंडळाच्या वरच्या खोलीत उतरले होते, आणि त्याच सकाळी गुरुजींच्या हातून त्यांनी तीर्थश्राद्ध केलं होतं. पुण्यात यांचा खेळांचा कारखाना आहे, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. आम्ही त्यांना मागे बसवलं होतं, कारण पुढच्या खुर्च्या कार्यकारिणीच्या.

नीरजाने शंकरपाळी लावली. पंत खेळायला बसले. पूर जवळ येत होता. त्यांची नजर सगळीकडे फिरत होती. राजा घाटाच्या टोकाचा गवंडी हात वर करून उभा असलेला त्यांना दिसला, त्यांनी धान्य धाडलं आणि घाट टिकला. मग त्यांनी विचारलं, “बाळ, लांबची माणसं तू लहान का काढली नाहीस?”

नीरजा म्हणाली, “काका, लांबच्या गवंड्याला काय भूक कमी लागते?”

पंत काही बोलायच्या आत गुरुजी बोलले. दारापर्यंत गेले होते, तिथूनच. “पंत, सकाळी आपण तीन पिंड केले. वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा. पणजोबा लांबचे म्हणून त्यांचा पिंड मी तुम्हाला सुपारीएवढा वळायला सांगितला का?”

“नाही, गुरुजी.”

“तिन्ही सारखेच केले ना? मग पोरीने वेगळं काय केलंय?”

मंडळी, मी या सभागृहात पुष्कळ भाषणं ऐकली, काही सोसली. पण त्या चार वाक्यांना तोड नाही. नीरजाने तेव्हा कुठे मान वर केली आणि वडिलांकडे पाहिलं. गुरुजी दारातून परत आले आणि खुर्चीवर बसले. बी.एड.चा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. अध्यक्षांनी रुमालाची घडी टीव्हीवर धरून आपलं घर आणि प्रेमलाताईंचं घर मोजलं. सारखी निघाली. लगेच ठराव झाला, की मंडळ पहिल्यापासून सपाट चित्राच्याच बाजूचं आहे. इतिवृत्तात ‘पहिल्यापासून’ हा शब्द यज्ञेशने स्वतःच्या हाताने लिहिला. मोठ्या मनाचा मुलगा आहे.

पंतांनी नीरजाला नोकरी देऊ केली, पण जाताना खरं तेही सांगितलं. त्यांच्याकडे आता थ्री-डीचंच काम, गिऱ्हाईक तेच मागतं. यज्ञेश खुर्चीतून उडाला, “मैं क्या कह रहा था!” नीरजा म्हणाली, “करीन की काका. आणि या वेळी मागच्या बाजूही रंगवीन.”

तेव्हा मुली, जा. आत शीर, गोल फीर, मजा कर. तिथून आम्ही सुपारीएवढे दिसू. दिसू दे. तो तुझा दोष नाही, तुझ्या कामाची रीतच ती. आमच्याकडे मात्र जुनंच चित्र लावलेलं आहे. त्यात पुण्याला गेलेली नीरजा आणि वाचनालयात बसलेली नीरजा एकाच मापाची.

आणि एक सांगतो, सांगायची बंदी आहे तरी. गेले काही दिवस गुरुजी संध्येला जायच्या आधी वाचनालयात डोकावतात आणि म्हणतात, “श्रीराम, आच्छादन काढ.” पहिल्या दिवशी त्यांनी सगळा घाट बुडवला. काल बुडवला नाही. टोकाच्या गवंड्याला आधी धान्य धाडलं, मग जवळच्यांना. उठताना म्हणाले, “नीरजेला सांगू नकोस.”

गुरुजी, सांगून बसलो. माफ करा.

बाकी अध्यक्ष, पाहुणे, लाडवांची व्यवस्था पाहणारे आणि टाळ्या वाजवणारे यांचा मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात जवळच्या कुणाला मी लहान केलं असेल, लांबच्या कुणाला विसरलो असेन, तर हा म्हाताऱ्याच्या नजरेचा दोष समजून पोटात घाला. नीरजा, शाल घ्यायला वर ये. आणि जरा मान वर करून ये, मागच्या रांगेलाही दिसू दे.